जनगणनेत दोनदा मोजलेली माणसं : प्रश्न विचारायचा तरी कसा?

रंकाळाकाठी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. लांबलाय जरा, चहा घेऊन बसा.

आम्ही एमएची काही पोरंपोरी मिळून एक प्रोजेक्ट करतोय. जनगणनेत एकच माणूस दोन ठिकाणी मोजला गेला असेल तर तो सापडायला लोकांना काय विचारायचं, हा विषय. म्हणजे माणसं मोजत नाही आम्ही, प्रश्न तपासतोय. प्रश्न विचारायचा, उत्तर लिहून घ्यायचं आणि मग लगेच मागं लागायचं की काकू, हे सांगताना तुमच्या डोक्यात कोण कोण होतं, 'घर' म्हटल्यावर कुठलं घर धरलंत, हाच प्रश्न शेजारणीला विचारायचा झाला तर कसा विचाराल. कॉग्निटिव्ह इंटरव्ह्यू असं भारदस्त नाव आहे, प्रत्यक्षात कट्ट्यावर बसून गप्पा मारायचं काम.

पहिला प्रश्न आमच्यातल्या एकानं सरळ लिहिला : "मागच्या जनगणनेत तुमच्या घरातल्या कुणाची दोन ठिकाणी मोजणी झाली होती का?" इथं कोल्हापुरात शिवाजी पेठ, कसबा बावडा, उचगाव, कुठंही जावा, उत्तर नाही. एकदम ठाम नाही. आणि मग पाणी आलं, चहा आला, गप्पा सुरू झाल्या की कळतं थोरला त्यावेळी पुण्यात होस्टेलवर होता, तिथं पण मोजलेलं आणि इथं आईनं पण सांगितलेलं, धाकटी बाळंतपणाला आलेली. पण प्रश्नाला उत्तर 'नाही'च. कारण विचारलं तर म्हणतात, "आम्ही कशाला दोनदा लावून घेऊ? आमचं काय वाईट चाललंय?"

म्हणजे लोकांना तो आरोप वाटतो. आणि दुसरं म्हणजे जो दोनदा मोजला गेलाय त्याला ते ठाऊकच नसतं, कारण दुसऱ्या घरात त्याचं नाव त्यानं सांगितलेलं नसतं, आईनं नाहीतर सासूनं नाहीतर रूम पार्टनरनं सांगितलेलं असतं. शिवाय २०११ ची गोष्ट, इतक्या वर्षांमागचं कुणाच्या लक्षात राहणार.

तर मदत पाहिजे. कुणी प्रगणक म्हणून (म्हणजे घरोघरी जाऊन मोजायचं) काम केलं असेल, किंवा तुमच्याच घरात असा घोळ झाला असेल तर लिहा. प्रश्न कसा फिरवावा ते पण सुचवा.

---

तांबडापांढरा

दोनदा? भावा आमच्यात एकदाबी कोण आल्यालं आठवत नाही. आमच्या वाटणीचं तुमीच मोजून घेतलासा काय 😄

---

खडूफळा

मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. २००१ आणि २०११ दोन्ही वेळा प्रगणक होतो, एकदा करवीर तालुक्यात, एकदा शहरात. धागा वाचून बरं वाटलं, नाहीतर जनगणना म्हटलं की लोकांना फक्त मास्तरांची वणवण आठवते.

आधी नियम सांगतो, कारण निम्मा घोळ नियम माहीत नसल्यामुळं होतो. २०११ ला मोजणीचा काळ ९ ते २८ फेब्रुवारी. २८ च्या रात्री बेघर लोकांची मोजणी, आणि १ ते ५ मार्च परत फेरी, त्यात मधल्या काळात कुणी जन्मलं, कुणी वारलं ते दुरुस्त करायचं. हिशोबाचा क्षण १ मार्चचे शून्य तास. माणूस जिथं नेहमी राहतो तिथं मोजायचा, पण त्या वीस दिवसांत तो तिथं थोडा का होईना पाहिजे. अख्खा काळ बाहेर असेल तर जिथं सापडेल तिथं मोजायचा, मूळ घरी त्याचं नाव घ्यायचं नाही.

आता ही शेवटची ओळ पाळायची कशी? आम्ही दारात, समोर म्हातारी. "पोरगा मुंबईला असतोय." किती दिवस झाले? "लई दिस झालं, पण येतोय की गणपतीला." शिमग्याच्या आधी येईल का? "येईल बी." आता लिहू का नको. ती म्हणते, लिव्हा की, माझाच पोरगा हाय न्हवं. तिकडं लालबागच्या खोलीत दुसरा मास्तर त्याला लिहितोयच.

जाताजाता, १९३१ पर्यंत हे एका रात्रीत उरकायचे. त्या वर्षी २६ फेब्रुवारीची रात्र होती. जो जिथं झोपला तिथं धरला, त्यामुळं दोनदा मोजायची भानगड कमी, पण एका रात्रीत सगळा देश गाठायला माणसं किती लागत असतील बघा. १९४१ पासून ते सोडून दिलं.

---

हिंजवडीकर_पण_कोल्हापूरचा

गुरुजी माझी शंका. २०२७ ला ऑनलाइन स्वगणना आहे म्हणतात. मी इथं पुण्यात फ्लॅटवर बसून माझा फॉर्म भरला, आणि तिकडं राजारामपुरीत आईनं आलेल्या माणसाला माझं पण नाव सांगितलं तर? ती शंभर टक्के सांगणार. रेशनकार्डावर अजून आहे मी.

---

खडूफळा

@हिंजवडीकर, तुम्ही राहता पुण्यात, त्या काळात थोडे दिवस का होईना पुण्यात असणार, तेव्हा पुण्यात मोजायचं. मधे चार दिवस गावी आलात तरी फरक पडत नाही. आईंना आधीच फोन करून सांगा. रेशनकार्डाचा इथं संबंध नाही. लोक कार्ड घेऊन बाहेर येतात आणि त्यावरची नावं वाचून दाखवतात, मी ते परत आत ठेवायला लावायचो.

---

पेठेतला_वाघ

आमच्या वॉर्डाच्या मतदार यादीत दुबार नावं लई आहेत, दोन दोन स्टार लावलेत नावापुढं. ती काढायला अर्ज कुठं द्यायचा? इथं कुणाला माहीत असेल तर सांगा.

---

रंकाळाकाठी

@पेठेतला_वाघ दादा, ते वेगळं. मतदार यादी निवडणूकवाल्यांची, तिथं तुमच्या नावाला हक्क चिकटलेला असतो. जनगणनेत नाव फक्त मोजायला घेतात, १९४८ च्या कायद्याच्या कलम १५ नं ते गोपनीय असतं, कोर्टात पुरावा म्हणून सुद्धा चालत नाही. त्यातून तुमचं काही वाढत नाही, काही कटत नाही.

पण तुमची कमेंट आमच्या फार कामाची आहे. पेठेत आम्ही 'दुबार' हा शब्द काढला की समोरचा माणूस सावध व्हायचा, एका काकांनी तर आम्हाला पक्षाची पोरं समजून दार लावून घेतलं. आता प्रश्नात दुबार, डबल, दोन ठिकाणी, असलं काहीच ठेवायचं नाही असं ठरवलंय.

---

धुक्यातला_गगनगड

नोव्हेंबर २०२५ ला आमच्या गगनबावडा तालुक्यातच २०२७ च्या जनगणनेची पूर्वचाचणी झाली की. महाराष्ट्रात जी मोजकी ठिकाणं निवडली त्यात आम्ही, जळगावकडचा चोपडा आणि मुंबईतला एक वॉर्ड. तुमचा प्रश्न त्यात तपासला नसेल का?

---

रंकाळाकाठी

नाही ना. ती पहिल्या टप्प्याची, म्हणजे घरयादीची चाचणी. त्यात भिंत कशाची, पाणी कुठलं, संडास, इंटरनेट, आणि घरात नेहमी राहणारी माणसं किती, एवढा एक आकडा. कुटुंबप्रमुख सोडला तर माणसागणिक नाव घेत नाहीत. नावानिशी मोजणी दुसऱ्या टप्प्यात, फेब्रुवारी २०२७ ला. म्हणजे माणूस दोनदा मोजला जायची खरी जागा पुढंच आहे.

तरी तो 'नेहमी राहणारी' शब्द आहेच. आम्ही तो पण तपासला. लोक त्याचा अर्थ 'घरचे' असा घेतात. दुबईला असलेला मुलगा घरचा, म्हणून धरला. वरच्या खोलीत तीन वर्षं राहणारा भाडेकरू पोरगा घरचा नाही, म्हणून सोडला. आणि तो तर रोज त्यांच्याच मोटरीचं पाणी भरतो!

---

स्लिपबॉय

मी साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात, कुठल्या ते नका विचारू. तुम्ही पेठा फिरून काय करालाय, फेब्रुवारीत ऊसतोडीच्या फडावर या.

मोजणीचा काळ म्हणजे ऐन हंगाम. बीडकडच्या टोळ्या दिवाळीच्या आगंमागं येतात ते मार्च-एप्रिलपतूर इथंच. कोप्या घालून राहतात, नवराबायको मिळून एक कोयता, आमच्या कागदावर पण कोयतेच लिहिलेले असतात, माणसं न्हाईत. आता गुरुजींच्या नियमानं ही माणसं अख्खा काळ घराबाहेर, म्हंजे इथं मोजायची. पण त्यांना विचारा नेहमी कुठं राहता, ती गावाचंच नाव सांगणार. सहा म्हैने इथं काढले तरी ते 'तोडीला आलोय'. आणि तिकडं गावात म्हातारी माणसं बसलेली असतात, ती पोराचं सुनेचं नाव सांगणारच. मग झाली का दोनदा? आणि प्रगणक जर फडावर आलाच नाही, आणि गावच्या मास्तरानं नियमानं नाव गाळलं, तर एकदा पण न्हाई.

पोरांचं तर इचारूच नका. थोरली पोरगी गावच्या हंगामी वसतिगृहात, मधला आज्जीकडं, धाकटं इथं उसाच्या पाचटावर खेळतंय. मधल्याचं नाव आज्जी पण सांगते आणि इथं आई पण सांगते, कारण तुम्ही विचारता 'मुलं किती', ती तीन म्हणते. बरोबरच हाय की तिचं. तुम्ही विचारायला पायजे हितं रात्री किती जणं झोपतात.

---

रंकाळाकाठी

@स्लिपबॉय भाऊ, दंडवत. आमच्या गाईडना हा प्रतिसाद जसाच्या तसा दाखवतो. शनिवारी येऊ का फडावर? मुकादमाला विचारून.

---

स्लिपबॉय

या. पण धा-अकराला नको, गाडी भरायच्या वेळंला कोण बोलत न्हाई. सांच्याला चुली पेटल्या की या.

---

न्यूजर्सीतली_आजरेकरीण

मी इथं २०२० ची जनगणना पाहिली (फॉर्म आम्हीच भरला होता), आणि नोकरी आकडेवारीशी संबंधित असल्यामुळं या विषयावर थोडंफार वाचलंय, म्हणून लिहिते.

अमेरिकेत मोजणीनंतर एक वेगळं नमुना सर्वेक्षण करतात आणि त्यातून मूळ मोजणीची चूक काढतात. २०१० चा निकाल बघा. निव्वळ चूक निघाली फक्त ३६,००० माणसं जास्त, म्हणजे ०.०१ टक्का. तीस कोटींवर लोकसंख्या आणि चूक छत्तीस हजार. पण आत डोकावलं तर सुमारे ८५ लाख नोंदी दुबार होत्या, आणि दुसरीकडं सुमारे १ कोटी ६० लाख माणसं सुटली होती, ज्यातला काही भाग अंदाजानं भरून काढलेला. वजाबाकीत सगळं गायब! २०२० ला दुबार नोंदी ५२ लाखांच्या आसपास आल्या.

आणि हे कोण दोनदा मोजले जातात? कॉलेजची मुलं (नियमानं कॉलेजच्या गावात मोजायची, पण आईवडील घरच्या फॉर्मवर लिहितातच), दुसरं घर असलेले लोक, घटस्फोटानंतर आठवड्यातले काही दिवस आईकडं काही दिवस वडिलांकडं राहणारी मुलं. २०१० च्या फॉर्मवर प्रत्येक माणसापुढं विचारलं होतं की ही व्यक्ती कधीकधी दुसरीकडं राहते का, आणि खाली पर्याय : कॉलेज, सैन्य, हंगामी किंवा दुसरं घर, मुलाचा ताबा, तुरुंग, नर्सिंग होम, इतर. बघा, 'दोनदा मोजलं का' असं कुठंच नाही. दुसरं छप्पर कुठलं एवढंच विचारलंय. मला वाटतं तुम्ही पण तिकडंच चाललायत. फक्त पर्याय आपले पाहिजेत. त्यांच्या यादीत जिथं मुलाचा ताबा आहे, तिथं आपल्याकडं माहेर.

---

मिरचीकांडप

माहेर! मी वाटच बघत होते कोण कधी काढतंय.

माझं लग्न २०१० चं, सासर गडहिंग्लज, माहेर कागल. २०११ च्या फेब्रुवारीत मी सातवा महिना संपवून माहेरी आलेले, जानेवारीपासून तिथंच. कागलला मास्तर आले, आईनं माझं नाव सांगितलं, नियमानं बरोबरच आहे म्हणा आता कळतंय. पण सासूबाईंनी पण सांगितलेलं, हे मला कितीतरी वर्षांनी बोलता बोलता कळलं. म्हणाल्या, "आमची सून हाय, आमी न्हाई सांगणार तर कोण?" त्यांच्या दृष्टीनं मी तिथं राहत होते, फक्त घरी नव्हते 😀

आणि याउलट पण होतं हं. माझ्या नणंदेच्या वेळी दोन्हीकडं वाटलं तिकडं सांगितलं असेल. शिवाय बाळ! बारसं झालं नसेल तर लोक बाळाचं नाव सांगत नाहीत, नावच नाही तर काय सांगणार, आणि मोजायचं राहतं.

---

खडूफळा

ताई, बरोबर बोललात. मी शेवटी नेहमी विचारायचो, "पाळण्यात कोण हाय का?" फॉर्मवर असा प्रश्न नव्हता, पण त्या एका प्रश्नानं कितीतरी लेकरं कागदावर आली.

---

न्यूजर्सीतली_आजरेकरीण

गुरुजी 🙏 इथं पण तेच. २०२० ला पाच वर्षांखालची मुलं निव्वळ साडेपाच टक्क्यांच्या आसपास कमी मोजली गेली. एवढा पैसा खर्चून.

---

कशाला_उगीच

हे सगळं ठीक आहे पण मला कळत नाही एवढा काथ्याकूट कशासाठी. चार दोनदा मोजले, चार सुटले, फिटंफाट. २०११ ला कोल्हापूर जिल्हा ३८,७६,००१. त्यात हजारभर इकडंतिकडं झाले म्हणून काय बिघडलं?

---

रंकाळाकाठी

@कशाला_उगीच, फिटंफाट होत नाही हाच तर मुद्दा आहे. दोनदा कोण मोजला जातो? ज्याला दोन घरं आहेत, दोन ठिकाणी त्याचं नाव घेणारं माणूस आहे. सुटतो कोण? ज्याचं कुठंच कोणी नाव घेत नाही. भट्टीवरचा, फडावरचा, फुटपाथवरचा. बेरीज जुळली तरी एका वस्तीचे जास्त आणि दुसरीचे कमीच राहतात, आणि पुढं अंगणवाडी, दवाखाना, मतदारसंघ, सगळं त्याच आकड्यावर. आपल्याकडं पण नंतरची पडताळणी होते, २०११ ला त्यात निव्वळ सुटलेले दर हजारी २३ निघाले. आणि हे पण निव्वळ आहे बरं का, म्हणजे दुबार वजा करून उरलेलं, ताईंनी वर अमेरिकेचं सांगितलं तसं.

---

कशाला_उगीच

हम्म. दर हजारी २३ मला माहीत नव्हतं. चालू द्या.

---

मागवाला_इचलकरंजी

आमच्याकडं आणखी तिसराच प्रकार. एका खोलीत आठ-दहा यंत्रमाग कामगार, यूपीचे, बिहारचे, कर्नाटकातले. दिवसपाळीवाले रात्री झोपतात, रातपाळीवाले दिवसा, गादी तीच. त्यामुळं 'रात्री किती झोपतात' हा प्रश्न आमच्यात मार खाणार. जेवायला सगळे खानावळीत, आणि जनगणनेत कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारे. मग यांची चूल कुठली? खोलीवाल्या मालकानं आकडा सांगितला तर तो वेगळा, कारखान्याचा दिवाणजी सांगतो तो वेगळा, पोरं स्वतः सापडत नाहीत. माझ्या ओळखीच्या दिवाणजीनं तर कारखान्यात आलेल्या माणसाला हजेरीच्या वहीवरनं सगळी नावं दिलेली.

---

रंकाळाकाठी

मोठा अपडेट. फडावर जाऊन आलो, परत पेठेत आणि उचगावातही फिरलो. नवीन प्रश्न घेऊन.

आधी एक युक्ती केली, लोकांना त्यांच्या घराचं विचारायचंच नाही, गोष्ट सांगायची. "एक बाई आहे, सासर गडहिंग्लज, पहिल्या बाळंतपणाला जानेवारीपासून कागलला. तिला कुठं मोजायची?" (मिरचीकांडप ताई, क्षमस्व, तुमचीच केस उचलली.) अशानं लोक मोकळे बोलतात, स्वतःवर काही येत नाही ना. कागल म्हणणारे थोडे, गडहिंग्लज म्हणणारे भरपूर, आणि एका घरात तर जावाजावांत वाद लागला. पण मजा अशी की कुणीच 'ती कुठं राहते' यावर भांडत नव्हतं, सगळे 'ती कुणाची' यावर भांडत होते. फडावर ऊसतोडणीवाल्याची गोष्ट सांगितली तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "हितं मोजलं तर आमी हितलं हुतो का? गाव न्हाई का आमाला?" यावर काय बोलणार. नियम सांगितला, त्यांना पटला नाही.

मग दोन प्रश्न माणसागणिक विचारले. एक, ९ ते २८ फेब्रुवारीत हे इथं किती दिवस होते. इचलकरंजीकरांमुळं 'रात्री झोपले' काढून 'राहिले' केलंय. हा प्रश्न तारखांवर अडतो. तारखा कुणाच्या लक्षात नसतात, महाशिवरात्र, बारावीची परीक्षा, कारखाना बंद व्हायच्या आधी की नंतर, असं काहीतरी धरून द्यावं लागतं.

दुसरा प्रश्न आमच्यातल्या एका पोरीनं सहज तोंडी विचारला आणि तोच चालला : "दुसऱ्या एखाद्या घरी मोजायला माणूस गेला, तर तिथलं कोण यांचं नाव सांगेल का?" लोक आधी हसतात. मग लगेच, "हां, तिची आई सांगणार की", "पुण्याला त्याचा मित्र हाय, तो सांगंल". घर, गाव, गल्ली सगळं पटापट येतं. कारण यात तुम्ही काही चूक केलीत असा सूर नाही, दुसरं कोण काय करेल एवढंच आहे, आणि दुसऱ्याबद्दल बोलायला आपल्याकडं कुणाला जड जातं?

---

खडूफळा

प्रश्न झकास. पण एक अडचण सांगतो. एका प्रगणकाकडं सहा-सातशे माणसं, बारा माणसांच्या घरात माणसागणिक हे दोन प्रश्न म्हणजे अर्धा तास जादा. मुख्य मोजणीत हे बसणार नाही. नंतरच्या पडताळणीत ठेवा, तिथं नमुन्याची घरं थोडी असतात. आणि मिळालेला दुसरा पत्ता तिथल्या कागदाशी जुळवून बघता येतो, नाहीतर 'सांगेल' म्हणजे सांगितलंच असं थोडंच आहे.

---

रंकाळाकाठी

पटलं गुरुजी. गाईड पण तेच म्हणाले, हा प्रश्न संशय कुठं घ्यायचा ते दाखवतो, पुरावा दुसऱ्या घरच्या नोंदीतनंच.

आता इचलकरंजी राहिलंय. @मागवाला_इचलकरंजी भाऊ, एखादी खोली दाखवाल का? दोन्ही पाळ्यांची पोरं भेटली पाहिजेत, आणि जमलं तर खानावळवाल्या काकूंशी पण बोलू.

---

मागवाला_इचलकरंजी

या की. पाळी बदलताना या, दोन्ही सापडतील, पण तेव्हा घाईत असतात. त्यापेक्षा सुट्टीच्या दिवशी दुपारी खानावळीतच या. हिंदी बोलणारं एक माणूस बरोबर आणा, आणि एकाला कन्नड येत असेल तर आणखी बरं. हातात फाईल-बिईल नको, पोरं उठून जातात.

---

तांबडापांढरा

माझं कन्नड चालतंय, आजोळ निपाणीचं. येतो मी. जेवण तुमच्याकडं.